भिंतीवर नसलेली दोरी

सरकारी नोकरीतली सगळी वर्षं मी दुसऱ्यांच्या रेषा गिरवण्यात घालवली. पदाचं नाव ट्रेसर. आता हे पदही राहिलं नाही आणि ते कामही, म्हणून आधी ते काय होतं ते सांगते.

इंजिनियर पेन्सिलीनं नकाशा काढायचे. त्या नकाशावर मी निळसर झाक असलेलं, मेणकापडासारखं पारदर्शक कापड ताणून टाचायची. त्याला खडूची पूड चोळायची, म्हणजे शाई नीट धरते. मग खालची एकेक रेष काळ्या शाईनं वर उतरवायची. त्या कापडावरून अमोनियाच्या मशीनमध्ये हव्या तेवढ्या प्रती निघत. चूक झालीच तर दाढीच्या ब्लेडनं शाई अलगद खरवडायची. जास्त जोर लागला की कापड फाटलं, आणि आठ दिवसांचं काम गेलं.

आर्वीच्या आमच्या कचेरीत राऊतजी नावाचे हेड ड्राफ्ट्समन होते. पहिल्या दिवशी त्यांनी मला टेबल दाखवलं आणि म्हणाले, "ढगेबाई, ट्रेसरनं डोकं घरी ठेवून यायचं. हात अन् डोळे आणले की झालं."

मी ते फारच मनावर घेतलं. एका कालव्याच्या मूळ नकाशावर माशीनं ठिपका केला होता. मी तो इमानेइतबारे उतरवला, चांगला गोल आणि भरीव. आमच्या खुणांमध्ये तसा ठिपका म्हणजे विहीर. बिचारा ओव्हरसियर रोहणा गावच्या शिवारात दोन दिवस ती विहीर शोधत फिरला. शेवटी त्यानं शेतमालकालाच विचारलं. तो म्हणाला, "साहेब, तुमच्या कागदात पानी लागलं असन तं आमाले बी सांगा. आमी मोटर बसवतो."

ती चूक कचेरीत वर्षभर हसण्याचा विषय झाली. दुसरी एक चूक मात्र तशी हसण्यावारी गेली नाही. ती माशीची नव्हती, माझी स्वतःची होती. तिच्याबद्दल मी आजवर कुठं लिहिलेलं नाही.

सत्तरच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. माझं वय चोविसाच्या आसपास, लग्न झालेलं नव्हतं. एका सकाळी कचेरीत साठवणे सर आले. नागपूरच्या एका कॉलेजात ते प्राचीन इतिहास शिकवत. उंच, किडकिडीत, पायात कॅनव्हासचे बूट, आणि बोलताना समोरच्याच्या टेबलावरची प्रत्येक वस्तू सरळ करून ठेवायची सवय. कारंज्याच्या उत्तरेच्या डोंगरात त्यांना कपारींमध्ये रंगवलेली चित्रं सापडली होती, माणसं शेती करायला लागली त्याच्याही आधीची असावीत अशी. सरांचा चित्रकार काविळीनं आजारी पडला होता. आमच्या साहेबांशी त्यांची जुनी ओळख, म्हणून आठ दिवसांसाठी एक ट्रेसर उसना मागायला ते आले होते.

कचेरीत आम्ही तिघं ट्रेसर. एकानं सापांचं कारण सांगितलं, दुसऱ्यानं वाघाचं. मी म्हटलं, "मी जाते."

राऊतजी चष्म्यावरून बघत राहिले. साहेब म्हणाले, "मिस ढगे, घरी विचारून या."

घर नाचणगावला. बाबांची भाजीपाल्याची वाडी होती. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, सगळं पुलगावच्या बाजारात जायचं. शनिवारी घरी गेले आणि सांगितलं. आई काही बोलायच्या आत बाबांनी पाण्याची बारी अर्धवट सोडून हातपाय धुतले.

"कोन हाये हा मास्तर?"

"नागपूरचे प्रोफेसर आहेत, बाबा. गुहेतली चित्रं उतरवायची आहेत."

"आठ दिवस तू डोंगरात, अन् मी इथं वांगे तोडत बसू? मी येतो. तुमचा सैपाक मी करीन."

आणि ते खरंच आले. वाडी भावावर सोपवली, पोत्यात वांगी, हिरव्या मिरच्या आणि एक तवा घातला, नि सरांच्या भाड्याच्या जीपमध्ये मागं जाऊन बसले.

त्या डोंगराचं नाव मी मुद्दामच लिहीत नाही. नाव कळलं की माणसं कोळसा घेऊन जातात आणि आपली नावं लिहून येतात. एवढंच सांगते, की कारंज्याहून जीप धुळीच्या वाटेनं एका लहान गावापर्यंत जायची आणि पुढं तासभर चढ. आपला सगळा मुलूख काळ्या दगडाचा. तिथं मात्र काळ्या दगडाच्या खालून तांबूस वाळूच्या दगडाचा एक पट्टा बाहेर आला होता. वारापाण्यानं तो आतून कोरला गेला होता. गुहा म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर अंधारी भुयारं होती. प्रत्यक्षात त्या ओसऱ्या होत्या. वर दगडाचं छत, मागं भिंत, समोर सगळं उघडं, आणि खाली लांबपर्यंत संत्र्याच्या बागा.

वाट दाखवायला गावातली मैनाबाई पुढं होती. वय साठीच्या घरातलं, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, हातात गुरं वळायची काठी. ती जन्मभर त्या डोंगरावर गुरं चारत आली होती. आत शिरताना तिनं वहाणा काढल्या. मग आम्हीही काढल्या.

पहिल्यांदा मला काहीच दिसलं नाही. डाग, ओघळ, शेवाळ. मैनाबाईनं काठी भिंतीपासून वीतभर दूर धरली आणि हवेतच फिरवली.

"हे पाय... हे पोट... हे शिंगं. दिसला का?"

आणि सांबर उभं राहिलं. एक दिसल्यावर बाकीची आपोआप दिसायला लागली. गेरूच्या लाल रंगातली धावणारी हरणं, हात धरून नाचणारी काडीसारखी माणसं, लहान मुलाच्या तळहाताचा ठसा. ज्याच्या त्याच्या रेषा गिरवायचा मला पगार मिळत होता, पण त्या रेषांमागं हात असतो हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं.

काम असं चालायचं. भिंतीवर पारदर्शक प्लास्टिक टांगायचं. काचेवर लिहितात त्या पेन्सिलीनं प्रत्येक रेष जशीच्या तशी उतरवायची. जिथं रंग उडाला आहे तिथं थांबायचं. दगडाला चीर असेल तर ती तुटक रेषेनं दाखवायची, म्हणजे कुणी तिला चित्र समजणार नाही. सरांचा एकच नियम होता: "दिसतं तेवढंच. असावं असं वाटतं ते नाही."

आणखी एक गोष्ट आम्ही करत होतो. ती लिहिताना आज हात जड होतो. चित्र फिकट दिसलं की सर लोट्यातलं पाणी भिंतीवर शिंपडायचे. ओल्या दगडावर रंग एकदम उजळायचा. तेव्हा बरेच जण तसंच करायचे, त्यात कुणाला गैर वाटत नव्हतं. खालच्या ओढ्यातून पाण्याची कळशी मी वर आणायची. मैनाबाई एकदा म्हणाली, "पानी काऊन मारता बापा? सकाळचं ऊन आडवं येते तवा सारं आपोआप दिसते." सरांनी हसून मान हलवली आणि पुन्हा शिंपडलं. त्या पाण्यानं दगडातलं मीठ वर येतं आणि सुकल्यावर चित्रावर पांढरा पापुद्रा धरतो, हे आम्हाला फार उशिरा कळलं. त्या आठ दिवसांत मी किती कळशा वर नेल्या ते मला आठवत नाही, हेच बरं आहे.

बाबा खाली चूल मांडून वांग्याचं भरीत करायचे आणि दुपारी वर यायचे. ते चित्रांकडे शेतकऱ्याच्या नजरेनं बघायचे. "हे हरीन गाभण हाये," असं एकदा सहज म्हणाले. सरांनी ते वहीत लिहून घेतलं.

शेवटच्या दिवशी एक मोठा भाग उरला होता. जीप दुपारी निघणार होती. भिंतीवर वशिंड असलेलं एक मोठं जनावर उभं होतं आणि त्याच्यासमोर, थोड्या अंतरावर, हात पुढं केलेला एक माणूस. पाठ दुखत होती, बोटं आखडली होती. सर म्हणाले, "ढगेबाई, आवरा आता." मी भराभर जनावराची पाठ, वशिंड, मान उतरवली. माणूस उतरवला. आणि त्याच ओघात, माणसाच्या हातापासून जनावराच्या मानेपर्यंत, माझ्या हातानं एक बारीक रेष ओढली.

ती मी ओढली हे मला त्या वेळी कळलंसुद्धा नाही. लहानपणापासून माणूस आणि बैल मी जेव्हा जेव्हा एकत्र बघितले होते, तेव्हा मध्ये दोरी होती. हातानं ती परस्पर घालून टाकली.

महिनाभरानं सर कचेरीत आले ते जवळजवळ धावतच. माझ्या टेबलावरच्या दौती सरळ करत म्हणाले, "ढगेबाई, तुम्ही काय काढलंय ते तुम्हाला माहीत आहे? ही दोरी आहे, दोरी! म्हणजे ही माणसं फक्त शिकार करत नव्हती. ती जनावर बांधत होती. या कपारींचा सगळा अर्थच बदलतो."

त्या आनंदात आणखी एक गोष्ट गुंतलेली होती. त्याच डोंगराच्या माथ्यावरचा काळा दगड आमच्या कचेरीच्या एका तलावाच्या भिंतीला लागणार होता. खाणीचा नकाशा मीच ट्रेस केला होता. डोंगराच्या पलीकडच्या टोकाला सुरुंग सुरू झाले होते आणि त्या हादऱ्यानं खालच्या तांबूस दगडाचे पापुद्रे सुटत होते. सरांनी पुरातत्त्व खात्याकडे अर्ज केला होता, त्याला कुणी विचारत नव्हतं. दोरीचं चित्र जोडल्यावर मात्र पंधरा दिवसांत उत्तर आलं. अधिकारी स्वतः पाहणीला येणार, तोवर सुरुंग बंद.

साहेब वैतागले, पण आदेश आदेश होता. मी खूश होते. सरांनी पक्क्या प्रतीचं काम मला दिलं आणि मी प्लास्टिकवरची चित्रं शाईनं उतरवायला बसले.

त्या कामात डोळा रेषेच्या जातीवर असतो. चित्रकाराची रेष कुठं जाड होते, कुठं उचलली जाते, कुठं रंग कमी पडतो, ते सगळं मी भिंतीसमोर पेन्सिलीनं टिपलं होतं. जनावराची पाठ अशी श्वास घेत घेत गेली होती. दोरी मात्र सुतासारखी सारख्या जाडीची. ती त्याची रेष नव्हती. ती कचेरीतली रेष होती. ती माझी रेष होती.

सरांनी काढलेला फोटो काळा-पांढरा आणि धूसर होता, त्यात काही कळेना. पुढच्याच रविवारी मी बाबांना आर्वीला बोलावून घेतलं. आम्ही एसटीनं कारंजा गाठलं, तिथून मिळेल त्या गाडीनं गावापर्यंत आणि मग पायी वर. मैनाबाई सोबत आली. मी भिंतीला नाक लागेल इतक्या जवळून बघितलं. उजवीकडून, डावीकडून. माणसाचा हात होता. जनावराची मान होती. मध्ये मोकळा तांबूस दगड.

मी खालीच बसले. बाबांना सगळं सांगितलं. दोरी आहे म्हणून अधिकारी येणार, दोरी आहे म्हणून सुरुंग थांबले, आणि दोरी तर मीच घातली.

बाबा माझ्या शेजारी टेकले. मग म्हणाले, "मास्तरले सांगतलं का?"

"सांगितलं तर डोंगर जाईल, बाबा."

"अन् नाई सांगतलं तं?"

मी पुन्हा त्या मोकळ्या दगडाकडे बघितलं. ते म्हणाले, "मंग उद्याच जाय. अशी गोष्ट शिळी होऊ देऊ नोको."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी नागपूरला गेले. सर कॉलेजातल्या त्यांच्या खोलीत होते. समोर टाइप केलेल्या लेखाचा गठ्ठा.

"सर, दोरी भिंतीवर नाही. मी चुकून काढली."

त्यांना पहिल्यांदा कळलंच नाही. मग त्यांनी गठ्ठ्याच्या कडा जुळवल्या. पुन्हा जुळवल्या.

"तुम्हाला खात्री आहे?"

"काल जाऊन बघून आले."

"अधिकारी गुरुवारी येतायत, ढगेबाई. तो सगळा डोंगर त्या दोरीला लटकलाय." ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. "तुम्ही गुरुवारी येऊ नका. मी बघतो काय ते."

परतीच्या गाडीत मी त्या वाक्याचा अर्थ लावत राहिले. ते काय बघणार होते? खरं सांगणार होते, की दोरी फिकट झाली म्हणणार होते? माझ्यावर विश्वास टाकणाऱ्या माणसाबद्दल मला असा विचार करावा लागत होता आणि तो माझ्यामुळंच करावा लागत होता. गुरुवारी मी गेले.

पाहणीला आलेले अधिकारी बुटके, शांत गृहस्थ होते. खांद्याला थर्मास, खिशात भिंग. आमचे साहेब आले होते, कारण दगड त्यांचा अडला होता. सर होते. मैनाबाई न्याहारीची भाकरी पितळी ताटात झाकून घेऊन आली होती. बाबा एका दगडावर बसले होते. मला बघून सरांचा चेहरा उतरला.

अधिकारी सरळ त्या भिंतीपाशी गेले. भिंग लावून बघितलं, रेखाचित्राशी ताडलं, पुन्हा बघितलं.

"साठवणे, दोरी कुठं आहे?"

सरांनी लोट्याकडे बघितलं. मग म्हणाले, "उन्हानं फिकट झाली असेल. थोडं पाणी मारलं तर..." आणि त्यांनी लोटा उचलला.

मी मध्येच बोलले. "पाण्यानं दिसणार नाही, सर. ती कधीच नव्हती. मी घाईत काढली. चूक माझी आहे."

सरांच्या हातातला लोटा तसाच राहिला. पहिल्यांदा हसले ते आमचे साहेब. "म्हणजे रिपोर्टच चुकीचा. मग आता आमचं काम..."

"थांबा," अधिकारी म्हणाले. ते माझ्याकडे वळले. "तुमचं नाव?"

"वत्सला ढगे."

"बाकीच्या चित्रांत असं काही जास्तीचं आहे?"

"मला वाटतं नाही. पण हेही मला वाटलं नव्हतं."

त्यांनी थर्मास खाली ठेवला. "मग बघूच. सगळं."

आणि त्यांनी खरोखर सगळं बघितलं. एकेक कपार, एकेक रेष. ते भिंतीवर भिंग धरायचे आणि मी कागदावर बोट ठेवून सांगायची: हा पाय, इथं रंग संपला, ही चीर. साहेब दोनदा घड्याळ बघून सावलीत जाऊन बसले. तीन तासांत त्यांना चुकीची दुसरी रेष सापडली नाही.

शेवटी आम्ही पुन्हा त्या जनावरापाशी आलो. अधिकारी म्हणाले, "इथं खाली पोटाशी काही डाग आहेत. तुम्ही तुटक ठिपके दाखवलेत. काय आहे ते?"

"कळलं नाही साहेब. म्हणून ठिपकेच दाखवले."

सरांनी न बोलता पुन्हा लोट्याकडे हात नेला. तेव्हा मैनाबाई पुढं आली. तिनं भाकरी फडक्यात बांधली, ताट पदरानं लखलखीत पुसलं आणि कपारीच्या कडेला उन्हात जाऊन उभी राहिली.

"पानी नोका मारू. आता ऊन वरते गेलं, तं त्याले आत आनाव लागते."

ताटावरून उडालेलं ऊन भिंतीवर पडलं. तिनं ते हळूहळू आडवं केलं, इतकं की उजेड दगडाला घासून जायला लागला. आणि जनावराच्या पोटाखाली, मी ठिपके दिलेल्या जागी, चार काडीसारखे पाय उभे राहिले. मग छोटी पाठ. मग वर उचललेली मान, थेट आचळापाशी.

बाबा दगडावरून उठून आले होते. म्हणाले, "वासरू पेऊन राह्यलं ना! म्हनून उभी हाये ते. तिले दोरी कायले पायजे?"

अधिकारी कितीतरी वेळ भिंतीकडे बघत होते. मग माणसाच्या पुढं केलेल्या हाताकडे भिंग नेलं. हातात भाला नव्हता, काठी नव्हती. रिकामा हात, बोटं पसरलेली. ती गाय होती की गवा, तो माणूस तिला धरायला निघाला होता की नुसता बघत थांबला होता, हे त्या दिवशी कुणी सांगितलं नाही आणि पुढंही कुणाला सांगता आलेलं नाही.

"साहेब," अधिकारी आमच्या साहेबांना म्हणाले, "दगड दुसरीकडून घ्या. मी तसं लिहिणार आहे." आणि मग सरांना, "रेखाचित्र दुरुस्त करून पाठवा. दोरीविना. सोबत या बाईंचं नाव घाला. जी आपली एक चूक स्वतः सांगते, तिच्या बाकीच्या रेषांवर मी सही करायला तयार आहे."

सुरुंग पुन्हा त्या डोंगरावर लागला नाही. पण आधीच्या हादऱ्यांनी पलीकडच्या टोकाची एक कपार ढासळली होती, ती गेली ती गेलीच. तिथं काय होतं हे फक्त मैनाबाईला माहीत होतं. तिच्या सांगण्यावरून ते कागदावर काढायचा मी एकदा प्रयत्न केला आणि सोडून दिला. साहेब मला पुढं वर्षभर ऐकवत होते, "मिस ढगे, तुमच्या वासरामुळं माझा दगड अकरा मैल लांब गेला." पण गोपनीय अहवालात त्यांनी माझ्याबद्दल चांगलंच लिहिलं, हे राऊतजींनी मला नंतर हळूच सांगितलं.

सर माझ्याशी जवळजवळ दोन वर्षं बोलले नाहीत. त्यांना छापायला दिलेला लेख परत घ्यावा लागला. मग एक दिवस ते कचेरीत आले, केस बरेच पांढरे झालेले. टेबलावरचं काहीही सरळ न करता उभ्या उभ्या म्हणाले, "त्या दिवशी लोटा मी उचलला होता, ढगेबाई. ते अजून मनातून जात नाही." मी त्यांना चहा मागवला. दुसरं काय करणार? त्यानंतर त्यांनी त्या भिंतींवर कधी पाणी मारलं नाही, आणि कुणाला मारूही दिलं नाही.

ऐंशीच्या दशकात हळूहळू लोक तो डोंगर बघायला यायला लागले. वाट मैनाबाईला आणि चित्रं मला माहीत, त्यामुळं रविवारी आम्हा दोघींकडे निरोप यायचा. शाळांच्या सहली आल्या, कवी आले, गुप्तधन शोधणारा एक जण कुदळ पिशवीत लपवून आला. त्याला मैनाबाईनं काठी दाखवून परत पाठवलं. बाबा जमेल तेव्हा सोबत यायचे. दर वेळी कुणीतरी कोळसा काढायचं आणि मला ओरडावं लागायचं. पण दर वेळी एखादा तरी असा निघायचा, की चित्र दिसताक्षणी त्याचा आवाज खाली जायचा. त्याच्यासाठी माझा रविवार गेला तरी मला वाईट वाटायचं नाही.

असाच एक रंगारी आला होता. कारंज्याला हायवेवरच्या ढाब्यांशेजारी ट्रकच्या मागच्या फळ्या रंगवणारा, गुलाबराव. बोटांच्या पेरांवर निळा-पिवळा रंग कायमचा बसलेला. तो गायीसमोर उकिडवा बसला आणि अर्धा तास हलला नाही.

"बाई, हा पेंटर कोनता रंग वापरून राह्यला?"

"गेरू. कदाचित चरबीत कालवलेला."

"माझा ऑइलपेंट दोन पावसायात जाते," तो म्हणाला. मग थोड्या वेळानं, "यानं नाव नाई टाकलं आपलं."

"नाही."

"मी बी नाई टाकत. मालक टाकू देत नाई." आणि तो एकदम मोकळं हसला.

त्यानंतर चारएक महिन्यांनी मी कारंजा स्टँडसमोर आर्वीच्या गाडीची वाट बघत उभी होते. समोरच्या ढाब्यापुढं लावलेला एक ट्रक निघण्याच्या तयारीत होता. सहज मागच्या फळीकडे लक्ष गेलं. दोन बाजूंना नेहमीची कमळं, वर नेहमीसारखं हॉर्न द्या. आणि मधोमध, फक्त लाल रंगात, वशिंड असलेली गाय, पोटाशी दूध पिणारं वासरू, समोर हात पसरलेला काडीसारखा माणूस.

मी रस्ता ओलांडून जवळ गेले. सवयच ती, रेषा तपासायला लागले. गुलाबरावानं गायीच्या डोळ्यांत काजळ घातलं होतं. वासराच्या गळ्यात घुंगरू बांधलं होतं. माणसाच्या डोक्यावर चक्क फेटा. क्षणभर ब्लेड घेऊन सगळं खरवडून काढावंसं वाटलं. मग मला हसू फुटलं. तो ट्रेसर थोडाच होता? तो पेंटर होता. भिंतीवरच्या त्या पहिल्या पेंटरसारखाच, मनात येईल ते काढणारा.

ड्रायव्हरनं आरशातून मला हसताना बघितलं आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"काय झालं, बाई?"

"काही नाही. गाडी कुठं चालली?"

"कलकत्ता."

त्यानं गिअर टाकला. ट्रक धूर सोडत रस्त्याला लागला, आणि आमची गाय, वासरू आणि फेटेवाला माणूस दुपारच्या उन्हात लहान लहान होत नागपूरच्या दिशेनं निघून गेले.